मान हलवू नका

शनिवारी सकाळी सूनबाई दोन्ही मुलींना सोडून कामाला निघाली, तेव्हा दारातच सासऱ्यांना बजावून गेली, "बाबा, केसांना हात लावायचा नाही. लावलात, तर पुढच्या शनिवारपासून दोघी उन्हाळी शिबिराला."

आजोबांनी बेचाळीस वर्षं लोकांचे केस कापले होते. दुकान बंद करताना आरसे विकून टाकले, पण फिरती खुर्ची उचलून घरी आणली आणि बैठकीच्या खोलीत मधोमध मांडली. आजी तिला सवत म्हणायची. त्या सवतीच्या मांडीवर ती कधी बसली नव्हती. "तुमची कात्री कमी चालते आणि जीभ जास्त," असं म्हणत कमरेपर्यंतची वेणी तिने नवऱ्याच्या हाती एकदाही दिली नव्हती.

दुपारी ऊन असं तापलं की देवालाही घाम फुटावा. मुलींची तोंडं बंद ठेवायला आजोबांनी दोघींना च्युइंगम दिलं, स्वतः पलंगावर देवाचं नाव घेत डोळे मिटले आणि तिसऱ्याच नामाला घोरू लागले.

जाग आली ती स्वतःचंच वाक्य ऐकून.

"मान हलवू नका, साहेब. घाई असेल तर उद्या या."

बोलत होती आठ वर्षांची मोठी, हातात आजोबांची कात्री. खुर्चीत पाच वर्षांची धाकटी, गळ्याभोवती टॉवेल. तिच्या डाव्या बाजूला पाठीवर रुळणारे केस होते आणि उजव्या बाजूला नुसता कान.

"हे काय केलंस?"

"च्युइंगम चिकटलं होतं. तुम्हीच दिलेलं," मोठी म्हणाली. "तेवढंच काढत होते, पण गिऱ्हाईक हललं."

"मी नाही हलले," गिऱ्हाईक म्हणालं. "मला शिंक आली."

सुनेच्या रागाचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं, धास्ती होती ती शनिवारची. बाकीचे सहा दिवस घरात दोन म्हातारी माणसं आणि एक पंखा, तिघंही कुरकुरणारी. 'देवा,' ते मनात म्हणाले, 'मोठमोठ्यांच्या संकटात धावून गेलास म्हणे. इथे फक्त वीतभर केस उगवायचेत.'

देव आला नाही. आजी आली.

तिने नातीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "तुम्हीच कापलेत, असं सूनबाई म्हणणार."

"मी झोपलो होतो."

"ते तर त्याहून वाईट. आता निदान सारखे करा."

धाकटीचे केस दोन्ही कानांच्या वर आले. ती उतरताच मोठी खुर्चीत चढून बसली. "माझेही तसेच कापा. नाहीतर खाली सगळे हिला एकटीलाच हसतील."

आजोबांचा हात थबकला. एकीचं काहीतरी सांगता आलं असतं, दोघींचं काय सांगणार? "कापा," आजी म्हणाली. मोठीचे केस कापून झाले, तशी आजी पदर खोचून खुर्चीत बसली.

"अहो, बघताय काय? माझेही कापा. ओरडा खायचा तर तिघींनी मिळून खाऊ. मला काही ती शिबिराला पाठवणार नाही."

"किती कापू?"

"यांच्याइतके. आणि तोंड बंद."

आयुष्यात पहिल्यांदा आजोबांनी गप्प राहून केस कापले. वेणी जमिनीवर पडली, तेव्हा त्यांनी ती उचलून खिशात घालून पाहिली. खिसा पुरेना.

साडेपाचला सूनबाई आली. सोफ्यावर ओळीने तीन कातरलेली डोकी बसली होती आणि मधलं पांढरं होतं.

"आई, तुम्ही कापू दिलेत?"

"दिले. मान हलकी झाली बघ," आजीने मान हलवून दाखवली.

सूनबाई धाकटीजवळ थांबली, मोठीजवळ थांबली, ओठ आवळून सोफ्याला पूर्ण फेरी मारून आली. खोलीत फक्त पंखा कुरकुरत होता.

"बाबा, आईंचे मागे डावीकडे लांब राहिलेत."

"बेचाळीस वर्षांत मला कोणी असं..." आजोबा उसळले. आजीने त्यांच्याकडे फक्त एकदा पाहिलं.

"पुढच्या शनिवारी सारखे करा," मुलींच्या पिशव्या उचलत सूनबाई म्हणाली. "सोडायला येईन तेव्हा कात्री बाहेर काढून ठेवा. माझ्यासमोर कापायचे."

आजोबांनी मान डोलावली. डावीकडे खरंच लांब राहिलेत का, हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.