तिन्ही प्रोटीनं वाढलेली

संभाजीरावांच्या किडनीत कॅन्सरची गाठ निघाली, गाठीसकट किडनी काढली आणि गाठ तपासायला गेली. आजार पुन्हा उलटणार का, याचा अंदाज त्यातून येणार होता. रिपोर्ट मोबाईलवर आला. "आई, तिन्ही प्रोटीनं वाढलेली आहेत," एवढंच त्यांच्या मुलीनं, अक्षतानं, वाचून दाखवलं.

संभाजीरावांच्या पत्नी चंपाबाई घाबरल्या. पण प्रोटीन कशात असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. टीव्हीवरच्या जाहिराती कोण बघत नाही? त्याच दुपारी त्यांच्या हडपसरच्या घरातून डाळ, अंडी, शेंगदाणे, मटण सगळं हद्दपार झालं.

"कॅन्सरनं नाही, तुझ्या दुधीनं मरीन मी," संभाजीराव म्हणाले.

"तोंड सांभाळा. वाढलंय ते खाली आणायचंय."

खाली येत होते ते संभाजीरावच. गळ्याची हाडं दिसू लागली, जिना चढताना धाप लागू लागली. त्यांचा सदरा ढगळ होत गेला तशी चंपाबाईंची झोप उडाली. आजार उलटलाच, असं मनात आलं की त्या आणखी काहीतरी बंद करत. शेवटी दूधही गेलं.

पुढच्या तपासणीला श्रद्धा डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काका, जेवता काय?"

"सकाळी दुधी, संध्याकाळी लाल भोपळा."

चंपाबाईंनी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. डॉक्टर हसल्या नाहीत. "काकू, ती प्रोटीनं ताटातली नाहीत. गाठीतल्या पेशींनी बनवलेली आहेत. डाळ सोडून ती कमी होत नाहीत. यांना नीट जेवू घाला."

"ऐकलंस? आजच भुर्जी!" संभाजीरावांनी मांडीवर थाप मारली.

चंपाबाईंनी मात्र विचारलं, "मग ती वाढली म्हणजे काय?"

डॉक्टर म्हणाल्या, "एकाच प्रोटीनवरून नीट कळत नाही, म्हणून तिन्ही एकत्र बघतो. तिन्ही वाढलेली असली तर आजार उलटायचा धोका जास्त. उलटेलच असं नाही, पण स्कॅन चुकवायचं नाही." मग त्यांनी चंपाबाईंच्या हातावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. यात तुमच्या हातात काहीच नव्हतं."

बोलल्या त्या धीर द्यायलाच. पण इतके दिवस कितीही भीती वाटली तरी सकाळी उठून चंपाबाईंना करायला काहीतरी होतं. भाजी चिरता चिरता त्या नवऱ्याला वाचवत होत्या. आता तेवढंही उरलं नाही. संभाजीराव दारात उभे राहून अंडी किती घ्यायची ते विचारत होते, आणि चंपाबाईंना खुर्चीतून उठवेना.