नकाशातला हिरवा तुकडा

प्रमोदिनीबाईंनी आंब्याच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर टेप वेढला आणि दुसरं टोक शकुनच्या हातात दिलं.

"धरा, शकुनबाई. ढिला सोडू नका."

घेर दोन मीटर दहा. बाईंनी वहीत नोंद केली आणि झाडाकडे कौतुकानं पाहिलं.

बत्तीस वर्षांपूर्वी त्या याच मळ्यात आल्या होत्या. अमरावतीच्या कॉलेजात नगररचना शिकवायला नुकत्याच लागलेल्या, अंगात उत्साह मावत नव्हता. अकोल्याच्या आराखड्यासाठी बागांच्या जागा शोधायचं काम मिळालं होतं. शकुन तेव्हा नवी नवरी. तिनं मोजणीचा टेप धरू लागला, ज्वारीची भाकर आणि मेथीची भाजी वाढली, आणि जेवून बाईंनी इथंच सावलीत नकाशात या मळ्यावर बागेचा हिरवा रंग भरला. ती दुपार आठवली की बाईंना अजून प्रसन्न वाटे.

पुढं नकाशातल्या नऊ बागांपैकी एकही झाली नाही. आठ जागांवरचं आरक्षण उठलं आणि तिथं घरांचे लेआउट पडले. हा मळा तेवढा हिरवा राहिला, कारण इथलं बागेचं आरक्षण तसंच राहिलं आणि घर बांधायला परवानगीच मिळेना. भाषणात बाई त्याला खुशाल 'आमचा अकोल्याचा मळा' म्हणत.

आता शकुनचा मुलगा मनोज लग्नाचा झाला होता आणि घर दोनच खोल्यांचं होतं. आरक्षण ठेवावं की काढावं, यावर आराखड्याच्या समितीनं बाईंचं मत मागवलं होतं. बाई ठेवायचंच ठरवून आल्या होत्या.

"शहरात अशी झाडं उरली नाहीत हो, शकुनबाई."

"खरं हाय."

"तोडली तर तुम्हालाही वाईटच वाटेल ना?"

शकुननं बांधापलीकडं बोट दाखवलं. तिथं तीन मजली इमारत होती. गच्चीवर कपडे वाळत होते.

"तो देवमनबुवाचा मळा होता. आठवते तुमाले?"

बाईंना आठवलं. म्हातारा काठी घेऊन अंगावर आला होता. उन्हं तापलेली, बाईंनी मोजणीचा नाद सोडून दिला होता.

"त्यायनं तुमाले हाकललं, त्यायचं सुटलं," शकुन म्हणाली. "आमी भाकर देल्ली, मापाले हात लावला, त आमचं अडकलं."

आवाजात राग नव्हता. बाईंना स्वतःची लाज वाटली. त्या तिथंच मातीत बसल्या आणि त्यांनी फाइल उघडली. 'आरक्षण कायम ठेवावे' असं टाइप करून आणलेलं होतं. 'कायम ठेवावे' खोडून त्यांनी वर 'वगळावे' लिहिलं, सही केली आणि शकुनला वाचून दाखवलं.

शकुननं पदरानं तोंड पुसलं.

"मनोजले सांगतो, घर तिकडच्या अंगानं बांध. आंबा राहू दे."

बाईंचा चेहरा खुलला.

"माझ्यासाठी एवढं कराल?"

"तुमच्यासाठी नाई, मॅडम," शकुन म्हणाली. "मले सावली लागते."