तळाच्या गळाची काठी

"मुकी हाय. बिलकुल मुकी."

प्रयागबाईच्या कानापासून हातभर अंतरावर रुपराव पुटपुटले. ती अंगणात सूप घेऊन डाळ निवडत बसली होती, आणि तिला क्षणभर वाटलं, हे आपल्यालाच म्हणून राहिले की काय. संसारात तिला बरंच काही म्हणून झालं होतं, पण मुकी म्हणायची हिंमत अजून कोणाची झाली नव्हती. तिनं वर पाहिलं. रुपराव जांबाच्या झाडाला पाठ टेकवून बसले होते आणि मांडीवर आडव्या घेतलेल्या मासे धरायच्या काठीशी बोलत होते.

"कोण मुकी?"

"हे. चंपतची. पाण्याच्या बुडी काय चाललं, काही सांगतच नाही."

"मंग तिले सोडा न् दुसऱ्या दोघीले इचारा."

"त्या बी तशाच," रुपराव म्हणाले आणि बोटं चोळत बसले.

ते बोटं चोळू लागले की प्रयागबाई सुपात पाहायची. आताही तिनं सुपातच पाहिलं.

घरात काठ्या तीन. माणसं दोन. शामला लग्न होऊन मुंबईला गेली तेव्हा तिच्या खोलीत धान्याची कोठी ठेवायची असं प्रयागबाईनं ठरवलं होतं, पण कोठीच्या आधी काठ्याच तिथं राहायला गेल्या. पहिली चंपतरावांनी केलेली, भरीव बांबूची. चंपतराव पारशिवनीकडचे. जन्मभर जंगलखात्याच्या बांबू डेपोत काढल्यावर नंदनवन वस्तीत याच गल्लीत घर बांधून राहिले. ते बांबू उन्हात वाळवायचे, मंद आचेवर भाजून सरळ करायचे, जवसाचं तेल पाजायचे. दुसरी कलकत्त्याची. बांबूच्या सहा चिपा एकमेकींना अशा चिकटवलेल्या की सांधा शोधून सापडू नये, वरून रेशमाचे वेढे, पितळेचा जोड, मुठीला बुचाचं लाकूड. पुतण्या रेल्वेत होता, त्यानं मोठ्या हौसेनं आणली. तिसरी फायबरची, जपानी. ती शामलाच्या नवऱ्यानं गोदीतल्या कोण्या खलाशाकडून मिळवली होती. मधासारखा रंग, आणि वजन इतकं कमी की प्रयागबाईनं तिच्यानं एकदा छताची कोळिष्टकं काढली होती. ते रुपरावांना अजून माहीत नव्हतं.

तिघींची तुलना हा घरातला रोजचा विषय. रेडिओवर बातम्या लागल्या तरी चालू. कलकत्तेवाली टोकाला नाजूक, पण शिंगाड्याच्या वेलात मरळ घुसली तर तिच्यानं ओढवत नाही. जपानी ओढायला पक्की, पण मनानं कोरडी. चंपतची जड आहे, मनगट भरून येतं, पण अवं, एके काळी तिच्यात जीव होता.

जीव होता म्हणजे काय, हे प्रयागबाईला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. रुपराव पाण्यावर तरंगणारं बोंडूक लावणाऱ्यातले नव्हते. त्यांचा गळ तळाशी. शिशाच्या बोंडाला कोंबड्याची पिसं बांधून ते तळावर टिचक्या मारत सरकवायचे, नाही तर गांडूळ लावून गाळात निजवून ठेवायचे. तिथं डोळ्याला काही दिसत नाही. जे काय कळायचं ते तंगूसमधून, म्हणजे गळाच्या दोरीतून, काठीत आणि काठीतून तळहातात येतं. दगड असेल तर टक, गाळ असेल तर भप, आणि मरळ नुसतं तोंड लावून पाहत असेल तर कोणी बाहीला धरून हळूच ओढावं तसं. छापखान्यात रुपराव खिळे जुळवायचे. वीज गेली तर अंधारात बोटांनी अक्षर ओळखून ओळ पुरी करायचे. सक्करदऱ्याच्या तलावावर तर ते डोळे मिटून सांगायचे, आता खेकडा हाय, आता शेवाळ हाय, आता थांबा. आणि ते थांबा म्हणाले की पारावर कीर्तनाला बसावेत तसे काठावरचे सगळे चिडीचूप व्हायचे.

ती बोटं गेली होती. हे प्रयागबाईला ठाऊक होतं.

तिला कळलं ते एका उकळत्या पातेल्यामुळं. चुलीवरून दुधाचा गंज रुपरावांनी नुसत्या हातानं उतरवला, ओट्यावर ठेवला आणि विचारलं, साखर कुठं आहे. रात्री त्यांच्या बोटांवर फोड आले. "काय चावलं कोण जाणे," ते म्हणाले. डॉक्टरांनी साखरेची बिमारी सांगितली होती, पण घरी येऊन त्यांनी फक्त एवढंच सांगितलं होतं की चहा फिका करत जा. तेव्हापासून प्रयागबाई त्यांच्या चहाचा गिलास आधी गार पाण्यात बुडवून मग द्यायची. सदऱ्याच्या गुंड्या ती स्वतः लावायची आणि काजं लहान झाली म्हणून शिंप्याला शिव्या द्यायची. शिंपी बिचारा काहीच न करता गल्लीत बदनाम झाला.

तिनं का सांगितलं नाही? सांगून काय झालं असतं, ते तिला दिसत होतं. रुपरावांनी तिन्ही काठ्या खुंटीला टांगल्या असत्या आणि तिच्याच खाली खाट टाकून भिंतीकडे तोंड करून पडले असते. काठीला दोष होता तोवर तलावावरचा रविवार होता. रविवार होता तोवर बाकीचे सहा दिवस निघत होते.

पण आता रविवारच धोक्यात आला होता. झालं असं, की मागं तलावावर चारचौघांत रुपराव म्हणाले होते, "चंपत, तुह्या काठीत आता जीव राह्यला नाही गा. तुहा हात उतरला." चंपतरावांनी गांडुळाचा डबा बंद केला, सायकल काढली आणि गेले. त्यानंतर ते आले नव्हते. रुपराव एकटेच गेले आणि ऊन चढायच्या आत घरी परत. घरी येऊन कोणाला न विचारता सांगितलं, "पाणी खराब हाय." दोघंही एकाच गल्लीत राहत होते आणि एकमेकांना टाळायला नळावरसुद्धा पाळीपाळीनं जात होते. पोरी भांडतात त्याही याहून शहाण्या.

तेव्हा डाळ बाजूला ठेवून प्रयागबाई उठली आणि काठ्यांचं निमित्त करून चंपतरावांच्या घरी गेली.

"भाऊजी, एकदा या न् तीनही काठ्याले नख लावून पाहा," ती म्हणाली. "आमच्याकडं रोज त्याच गोष्टी. माहे कान किटले. काय ते एकदाचं ठरवून टाका."

"रुपरावनं बोलावलं?"

"त्याहीनं बोलावलं असतं तर मी काहून आली असती?"

चंपतराव हसले नाहीत, पण चप्पल घालू लागले.

नख लावणं ही या दोघांची जुनी पद्धत. नवी काठी आली की तिचा पास-नापास असाच ठरायचा. एकानं मूठ धरून डोळे मिटायचे, तंगूस काठीच्या कड्यांतून ओवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा, शिशाचं बोंड धुण्याच्या दगडावर ठेवायचं आणि दुसऱ्यानं तंगूसवर नख घासायचं. मूठ धरणाऱ्यानं सांगायचं, आलं. पूर्वी रुपराव तर हेही सांगायचे की नख आहे की आगपेटीची काडी. एकदा चंपतरावांनी कबुतराचं पीस फिरवलं होतं, तर म्हणाले, "ओल्या पिसानं काहून करून राह्यला?"

चंपतरावांना दारात पाहून रुपराव क्षणभर कुठं पाहावं ते न कळल्यासारखे झाले. मग म्हणाले, "या. चहा झाला?"

"झाला."

"मंग अजून एक घ्या."

भांडण मिटलं असं तेवढ्यावर म्हणता आलं असतं. पण पुरुष माणसं मिटवताना काहीतरी मध्ये घेतात, आणि यांच्यामध्ये तीन काठ्या होत्या.

"नख वहिनी लावन," चंपतराव म्हणाले. "मी लावलं तर माहा माल म्हणून जोर लावला म्हणशीन."

"मी तसं म्हणीन?"

"म्हणशीन."

रुपराव पाटावर बसले, डोळे मिटले. पहिली चंपतरावांची काठी. धुण्याच्या दगडापाशी प्रयागबाई उकिडवी बसली, तिच्या शेजारी चंपतराव उभे. तिनं तंगूसवर नख फिरवलं, नियमाप्रमाणं, हळूच. रुपराव गप्प. तिनं पुन्हा फिरवलं. गप्प. कावळा ओरडला, त्याचंच ऐकत असल्यासारखा चेहरा. मग तिनं तंगूस बोटाला वेढून असा ओढला की काठीचं टोक वाकलं.

"हं," रुपराव म्हणाले. "आता काहीतरी आलं. पण मंद हाय."

प्रयागबाईनं ओठ चावला. सुरुवातीलाच ओढायला हवं होतं, नियम पाळत बसले. चंपतरावांनी तिचं ओढणं पाहिलं होतं. पण ते तिच्याकडे न पाहता जांबाच्या झाडाकडे पाहू लागले, आणि तेव्हा प्रयागबाईला समजलं की याही माणसाला माहीत आहे. कधीपासून, कोण जाणे. तलावावर रुपरावांच्या गळाला गाठ हेच मारून द्यायचे, "हा तंगूस लई घसरतो, दे इकडं" म्हणत. आणि एखाद्या वेळी रुपराव मासा लागलेला असताना तसेच बसून असले, तर "रुपराव, माही दोरी तुह्यात गुतली, जरा उचल" म्हणून उचलायला लावायचे. हे रुपरावांनीच घरी सांगितलं होतं, चंपतच्या वेंधळेपणाच्या गोष्टी म्हणून.

दुसरी जपानी. या वेळी प्रयागबाईनं पहिल्यापासूनच ओढलं.

"हिचं बरं हाय," रुपराव म्हणाले. "थोडं थोडं येते."

तिसरी कलकत्तेवाली. शिशाचं बोंड आणताना लुगड्याच्या पदरात अडकलं, गळाचं टोक चांगलं धाग्यात घुसलं. प्रयागबाई ते सोडवत बसली. चंपतराव खाली वाकून मदत करू लागले. तंगूस जमिनीवर ढिला पडला होता, कोणाचं बोटसुद्धा त्याला लागलं नव्हतं.

"आलं," रुपराव म्हणाले.

दोघांचेही हात पदरावर थांबले.

"लख्ख आलं. वा. हे पाय, परत. याले म्हणतात काठी."

रुपरावांचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा पूर्वी तलावावर असायचा तसाच, किंचित वर उचललेला, ऐकणारा. प्रयागबाईला त्या चेहऱ्याकडे पाहवेना. चंपतरावांनी हळूच गळ सोडवला, शिसं दगडावर ठेवलं, जरासा आवाज करून.

"उघड डोळे," ते म्हणाले. "कलकत्तेवालीच भारी. मी बी तेच म्हणत होतो."

"तू कुठं म्हणत होता?"

"मनात." चंपतराव आपल्या काठीजवळ गेले, चरखी उतरवली, तंगूस गुंडाळला. "तुहं खरंच हाय, रुपराव. माहाच हात उतरला. डोळे साथ देत नाही आता, काडी कुठं कच्ची राहते, कुठं जळते, समजत नाही. हे घरी नेतो."

"नेऊन काय करशीन?"

"वहिनीच्या वालाच्या वेलाले मांडव नव्हता न्. एक तुकडा इथं, एक तिथं. घरी अजून बांबूचा भारा पडला हाय, तो बी आणून देतो. आता काठ्या करणं बंद. झालं तेवढं बस झालं."

ते इतकं साधेपणानं म्हणाले की कोणाला खरंच वाटावं. पण मागच्याच पोळ्याला बैलांच्या झुलीचा फाटका कोपरा त्यांनी उन्हात बसून बारीक सुईनं रफू केला होता, ते प्रयागबाईनं स्वतः पाहिलं होतं. त्या माणसाचे डोळे तिच्याहून चांगले होते. आणि काठ्या करणं बंद केल्यावर चंपतराव दिवसभर काय करतील, तेही तिला दिसलं. भिंतीकडे तोंड केलेली ती खाट आता या गल्लीत दुसऱ्या घरात पडणार होती.

तिनं तोंड उघडलं. दुधाच्या गंजापासून सांगावं की गुंड्यांपासून, हे तिला ठरवता येईना.

चंपतरावांनी काठी दगडाला टेकवून तिच्यावर पाय ठेवला, मोडायला.

"पाय काढ," रुपराव म्हणाले.

"राहू दे गा. एवढी एक."

"पाय काढ म्हणतो न्." रुपराव पाटावरून उठले. उठताना कलकत्तेवाली हातातून गळून पडली, ते त्यांना कळलंही नाही, मूठ धरल्यासारखी बोटं तशीच वळलेली होती. त्यांनी खाली पाहिलं. मग बराच वेळ आपल्या हाताकडे पाहिलं. शेवटी वर पाहिलं ते प्रयागबाईकडे नाही, चंपतरावांकडे.

"मघा मी आलं म्हटलं, तेव्हा कोणी नख लावलं होतं?"

प्रयागबाई पदराचा निघालेला धागा ओढत राहिली.

"नव्हतं लावलं न्? मले वाटलंच. उगाच म्हटलं मी, एवढ्या वेळानं लावलं असन म्हणून." त्यांनी वाकून चंपतरावांच्या पायाखालून ती भरीव बांबूची काठी ओढून घेतली, दोन्ही तळव्यांत धरली. "तुह्या काठीत काही खोट नाही, चंपत. माहे हातच मेले गा. मले आता काहीच लागत नाही."