काळ्या रंगाचा डबा

गॅदरिंगला गर्दी होत नाही, हे पनवेलच्या त्या कॉलेजचं जुनं दुखणं. पोरं हजेरी लावतात आणि मॉलकडे पळतात. यंदा उपप्राचार्य कृष्णकांत सरांनी सांस्कृतिक समितीला बजावलं होतं, "हॉल भरला पाहिजे. कसा, ते तुम्ही बघा."

समितीच्या प्रमुख कुमुदताई. मराठी शिकवायच्या. त्या दुपारी त्यांचं अर्धं चित्त सभेत होतं आणि अर्धं संध्याकाळच्या कीर्तनात.

"मॅडम, क्राउड पाहिजे ना? मग व्याख्यान-बिख्यान विसरा," सेक्रेटरी केतन वडापाव चघळत म्हणाला. "आदिवासी नाइट! तोंडं काळी, कमरेला पानं, हातात भाले आणि नुसता हू-हू-हू! आणि हे बघा, ऑनलाइन मागवलेत." त्यानं पिशवीतून एक रबरी उंदीर काढला आणि शेपटीला धरून समितीतल्याच भाविकाच्या नाकासमोर नाचवला.

"शी! ठेव तो मेल्या!" भाविका किंचाळली. सगळी समिती हसली. कुमुदताईही हसल्या.

"करा बाबा काय ते. पण नीट माहिती काढून करा," त्या म्हणाल्या. "आपली वेणू आहे की! आपट्याजवळच्या कातकरी वाडीतलीच ती. तिला विचारा."

चांगल्या मनानंच बोलल्या. पण धोंडा चांगल्या मनानं मारला म्हणून काही फुलासारखा लागत नाही.

कोपऱ्यात पताका चिकटवणाऱ्या वेणूचा हात जागीच थांबला. दोन वर्षं ती सगळ्यांना 'मी आपट्याची' एवढंच सांगत आली होती. वाडीचं कुमुदताईंना ठाऊक होतं, ते शिष्यवृत्तीच्या कामामुळे.

"अगं, तू तर रिअल निघालीस!" केतन ओरडला. "म्हणजे तुझ्या मेकअपचा खर्च वाचला! बरं, खरं सांग, उंदीर भाजून खाता की रस्सा करता?"

भाविका रोज वेणूबरोबर एका डब्यात जेवायची. तिनं डब्यावर झाकण ठेवलं आणि तो हळूच स्वतःकडे ओढला. हे वेणूनं पाहिलं. कुमुदताईंनीही पाहिलं.

"केतन, पुरे हं," त्या म्हणाल्या. पण डास हाकलावा, तितक्याच जोरानं.

वेणूनं पताका खाली ठेवली. "माझी गाडी जाईल," म्हणाली, आणि गेली.

संध्याकाळी विठोबाच्या देवळात बुवांचं कीर्तन रंगात आलं होतं. कुमुदताईंच्या कपाळावर नुकताच लावलेला बुक्का दरवळत होता. बुवा वीणा सावरत म्हणाले, "मंडळी, आमचा देव काळा, त्याचा बुक्का काळा. त्या काळ्याच्या पायावर आपण डोकं ठेवतो, आणि घरी जाऊन लेकासाठी गोरी बायको शोधतो! बोला, देवाला फसवतो की स्वतःला?"

देऊळ खळखळून हसलं. कुमुदताईंना मात्र दुपारचं आपलं हसू आठवलं. शिळं अन्न खाल्ल्यावर यावी तशी किळस आली. ती केतनची नव्हे, स्वतःची. गजर सुरू झाला, पण त्यांच्या हातून टाळी वाजेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कृष्णकांत सरांना गाठलं आणि आदिवासी नाइट रद्द करा म्हणून सांगितलं. सर म्हणाले, "अहो, हा तर त्यांच्या संस्कृतीचा गौरव! आणि पासेस वाटून झालेत."

रंगीत तालमीच्या दिवशी वेणू आली. हातात लायब्ररीची पुस्तकं होती.

"परत करायचीत. आणि मला कॉलेज सोडल्याचा दाखला हवाय मॅडम."

"वेणू, चुकलं माझं. मला माफ कर."

"माफी नको. एवढंच सांगा, तो उंदीर बघून तुमी हसलात ना?"

कुमुदताईंनी मान खाली घातली. "हसले."

तेवढ्यात केतननं स्टेजवरून हाक दिली. तोंडाला चपचपीत काळा रंग, कमरेला प्लास्टिकची पानं, भाल्याच्या टोकाला उंदीर. "ए वेणू, ये ना वर! ओरिजिनल पीस आला रे!"

खुर्च्यांमधून शिट्ट्या आल्या. पहिल्या रांगेत कृष्णकांत सर तालीम बघत बसले होते. वेणू खरंच स्टेजवर चढली. रंगाचा डबा तिथंच उघडा पडला होता. तो तिनं उचलला, वास घेतला, खाली ठेवला.

"केतन, तोंड धुऊन ये. मग बोलू."

"अगं, चिल! गंमत आहे."

"मी रोज धुते. माझा नाय उतरत. तुझा साबणानं उतरतो, म्हणून तुला गंमत वाटते." ती खुर्च्यांकडे वळली. "माझ्या आजीनं उंदीर खाल्लेत. पोटात आग पडल्यावर खाल्लेत. तुमी वडापाव खाऊन त्याला हसता."

शिट्ट्या थांबल्या. कोणी तरी फिदकन हसलं, आणि तेही विरलं.

कुमुदताई बाहेर गेल्या. नळावरून भरलेली बादली स्वतः उचलून आणली आणि स्टेजच्या पायरीशी दणकन ठेवली.

"तोंड धुतल्याशिवाय इथून कोणी वर जायचं नाही. वेणूची वाडी कोणती, ते मी चारचौघांत उघडं केलं. तिनं ते झाकून ठेवावं, असं कॉलेज आपण केलं होतं, हे मला कळायला हवं होतं. सर, हा कार्यक्रम करायचा तर पत्रिकेवरचं माझं नाव काढा. का काढलं, ते मी गावभर सांगेन."

पहिली भाविका आली. वर न बघता तिनं आपलं रंगवलेलं तोंड धुतलं. तिच्यामागून आणखी तिघं आले. केतन तोंड तसंच घेऊन मागच्या दारानं सटकला. कृष्णकांत सरांनी बादलीतल्या काळ्या पाण्याकडे बघून नाक मुरडलं. आजूबाजूला वीसेक पोरं उभी होती. सरांचं बोट बरोबर एकीवरच गेलं.

"ए वेणू, ही बादली तेवढी ओतून ये."

कुमुदताई पुढे झाल्या. वेणूनं हातानंच त्यांना थांबवलं.

"नाय सर. ज्याची घाण त्यानं ओतावी."

पुस्तकं तिनं पिशवीत परत टाकली. दाखला मागितला नाही. जिना चढून वर्गात गेली आणि पहिल्या बाकावर बसली.

बादली तिथंच राहिली. वीसजण तिला वळसा घालून गेले.