नकाशातली होडी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. नदीच्या काठावर पालथी पडून असते. पाण्यात उतरून मला वर्षे लोटली. पण परवापरवापर्यंत नकाशाच्या लेखी मी कामावरच होते!

मला माझ्या नावाड्याने आणि त्याच्या सासऱ्याने मिळून घडवले. फटींत डांबर भरले ते नावाड्याच्या बायकोने. तेव्हा पलीकडे जायला माझ्याशिवाय सोय नव्हती. शाळेची मुले, नर्सबाई, नव्या नवऱ्या, एकदा तर कान पाडून बसलेली शेळी, सगळ्यांना मी पार नेले. "होडी आहे म्हणून आमचं चाललंय," असे लोक म्हणत, तेव्हा मला धन्य वाटे.

मग वरच्या अंगाला पूल झाला. पुढे नावाड्याची बायको वारली आणि मला डांबर लावायचे राहूनच गेले. नावाडी काठावरच्या खोलीत एकटा राहतो. करमेनासे झाले, की माझ्या पाठीवर येऊन बसतो.

अशात एक गंमत सुरू झाली. फोनमधल्या नकाशावर कुणीतरी माझी फेरी दाखवून ठेवली होती. वाट जवळची म्हणून फोनमधली बाई लोकांना थेट आमच्याकडे धाडू लागली. एकदा फरशांनी भरलेला ट्रक आला. "आता होडीत चढा," बाई गोड आवाजात म्हणाली. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितले, ट्रककडे बघितले आणि तो म्हणाला, "बाई, आधी तू चढून दाखव!" नावाडी पोट धरून हसला. एकदा लग्नाला निघालेले अख्खे बँडपथक इथे उतरले. फोन "सरळ पुढे जा" म्हणत राहिला आणि ढोलवाला बुटांत पाणी शिरेपर्यंत गेलासुद्धा! नावाडी सगळ्यांना चहा पाजायचा, पुलाची वाट सांगायचा. ती माणसे गेली, की काठ पुन्हा सुना व्हायचा. आम्ही दोघे पुढच्या चुकलेल्याची वाट बघत बसायचो.

एका दुपारी एक गाडी करकचून थांबली. मागच्या सीटवर लहान मुलगी तापाने फणफणली होती. दवाखाना पलीकडच्या काठावर, अगदी समोर दिसत होता.

"काका, होडी कुठाय?" तिच्या बापाने विचारले.

नावाड्याने नुसते माझ्याकडे बोट केले. बापाचा चेहरा उतरला. मी तळमळले, पण माझ्या भेगांनी तिला भर पाण्यात बुडवले असते. नावाड्याने पोरीवर आपले पांघरूण घातले, वाट दाखवायला तो स्वतः शेजारी बसला आणि गाडी उलटी फिरली. संध्याकाळी तो पायी परतला. माझ्या पाठीवर बसला आणि पलीकडच्या दवाखान्याचा दिवा बघत राहिला.

काही दिवसांनी तोच बाप पांघरूण परत द्यायला आला. "पोरगी बरी आहे, काका. पण डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर..." त्याने पांघरुणाची घडी नावाड्याच्या हातात ठेवली.

"फोनमधली ही होडी काढता येते का रे?" नावाड्याने विचारले.

"कळवलं तर काढतात. पण काका, मग इकडे चुकूनही कोणी यायचं नाही."

"ठाऊक आहे मला. तू कळव."

बापाने तिथेच उभ्याउभ्या कळवले. जाताना "मी येत जाईन" म्हणाला. अजून आलेला नाही. त्यालाही त्याचा संसार आहे. नकाशात आता इथे नुसते निळे पाणी दिसते म्हणे. दिवस फार लांब वाटतात, पण नावाड्याचा मला राग येत नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी डांबर आणू नका. मी आता तरंगायची नाही. पण तुमच्याही ओळखीत एखादे एकटे माणूस असेल. वाट चुकून ते दार सापडण्याची वाट बघू नका. एकदा मुद्दाम, वाकडी वाट करून जा.