चढावरचा थांबा

बस कंपनीच्या ऑफिसात चिमीकडे एकच काम होतं: कुठल्या थांब्यावाचून किती अडतं, त्याचा क्रम लावायचा. थांब्याचं वजन शेजारच्या थांब्यांवरून ठरायचं, त्यांचं त्यांच्या शेजाऱ्यांवरून. त्यामुळे आकडे हलायचे थांबेपर्यंत कॉम्प्युटर तेच गणित पुन्हापुन्हा करत बसायचा. साहेब वैतागले होते. "अहो, म्हातारा होईन मी तोवर!"

चिमीने डोकं लढवलं. सुरुवातीला आकडे कच्चेच असतात, मग दशांशाची एवढी लांबण कशाला? तिने दोन-तीनच अंक ठेवले. चहा निवायच्या आत यादी हजर! तळाचे थांबे बंद होणार होते. आत्याचा थांबा थोडक्यात वाचला. आत्याने चिमीला लहानाचं मोठं केलेलं. आता तिचे गुडघे गेले होते आणि दवाखान्याला जायला तिथलीच एक बस. चिमीला हायसं वाटलं.

पण मन खाऊ लागलं. आत्याचा थांबा आणि यादीत त्याच्या लगेच खाली असलेला, बंद होणारा चढावरचा थांबा, दोघांचा आकडा अगदी सारखा कसा? बघते तर काय, आकडे थांबलेच नव्हते. उरलेली हालचाल इतकी बारीक, की तोकड्या अंकांत दिसतच नव्हती. बरोबरी झाली आणि कंपनीच्या मूळ यादीत नाव आधी म्हणून आत्याचा थांबा वर बसला. गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. तिने स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि दुरुस्ती केली: स्थिरावलेले थांबे तोकड्या अंकांवर, अजून डुगडुगणाऱ्यांनाच पूर्ण अंक. वेळ जरासाच वाढला. चढावरचा थांबा वाचला, आत्याचा गेला.

"साहेब, सकाळची यादी फाडा. चूक माझी आहे."

संध्याकाळी तिने आत्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे तू गप्प बसली असतीस तर चाललं असतं?"

"चाललं असतं."

"वा गं वा! परक्यांसाठी घरच्या म्हातारीला खाली उतरवलंस!" आत्या भडकलीच. चिमीला रडू फुटलं, तरी आत्याने तोंड फिरवलं ते फिरवलंच.

पुढच्या मंगळवारी दवाखान्याचा दिवस होता. चिमी रजा काढून आली आणि आत्याला धरून चढ चढू लागली. दर चार पावलांवर आत्या थांबायची. वर थांब्यावर ही गर्दी. कडेवर पोरं घेतलेल्या बायका, कामाला निघालेली माणसं, एक कुबड्यांवरचा म्हातारा.

आत्याने धापा टाकत रांगेवरून नजर फिरवली.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "पण माझा राग गेलेला नाही."

चिमीने मान हलवली आणि तिला रांगेत उभं केलं.