सासूबाईंच्या सांध्यांवरचा लेख

सासूबाई बऱ्या झाल्या आणि डॉक्टरांची साडेसाती सुरू झाली.

आजारी होत्या तोवर सगळं कसं सुरळीत होतं. बोटांचे सांधे सुजून टम्म, मूठ वळत नाही, सकाळी उठल्यावर हात लाकडाचे. जन्मभर शिवणवर्ग चालवलेल्या बाईला सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा लेकीने त्यांना आपल्याकडे राहायला आणलं. जावई संधिवाताचाच डॉक्टर. सोनाराने कान टोचावेत म्हणतात; इथे सोनार घरातच होता.

संधिवात मात्र साधा नव्हता. नेहमीची तीन औषधं त्याने अपुऱ्या कागदपत्रांच्या अर्जासारखी परत पाठवली. शेवटी डॉक्टरांनी एक इंजेक्शन सुचवलं. ते खरं तर कातडीच्या रोगासाठी होतं. काही आठवड्यांत सूज उतरली आणि सासूबाईंच्या हाताला पुन्हा पेरं दिसू लागली. असं होतं, असं पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी पुस्तक पुन्हा उघडून पाहिलं. नव्हतंच.

"छापा," विभागप्रमुख म्हणाले.

विभागप्रमुखांना सगळे मागून 'पूर्णविराम' म्हणत. एक तर विभागातून जाणाऱ्या प्रत्येक लेखावर लेखकांच्या यादीत शेवटचं नाव त्यांचं असे. दुसरं म्हणजे त्यांनी एखाद्याबद्दल मत दिलं की त्या माणसाचं पुढचं वाक्य सुरू होत नसे.

"निवड समिती बसायचीय," पूर्णविराम म्हणाले. "तुमच्या नावावर एकही लेख नाही. बाकीच्या उमेदवारांकडे लेख आहेत, पण अशी सासू कोणाकडे आहे?"

डॉक्टर त्या रुग्णालयात आठ वर्षं हंगामी होते. सर्दी-पडसंही हंगामी असतं, पण ते येऊन जातं. डॉक्टरांना ना धड येऊ दिलं होतं, ना जाऊ. रजेवर गेलेल्या कुणाच्या तरी टेबलावर बसायचं आणि तो माणूस परत आला की दुसरं टेबल शोधायचं. लेख स्वीकारला गेला तर कायमची जागा मिळणार होती. नाही तर समिती पुन्हा कधी बसेल ते समितीलाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा डॉक्टर लिहायला बसले. प्रस्तावनेत 'हा आजार महत्त्वाचा आहे' असं लिहिलं, कारण बिनमहत्त्वाच्या आजारावर कोणी लेख लिहीत नाही. संदर्भांच्या यादीत न वाचलेले लेखही घातले, कारण जे वाचले होते त्यांच्या लेखकांनीही तेच केलेलं दिसत होतं. हातांचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी लावले. ते इतके वेगळे होते की दोन निरनिराळ्या बायकांचे वाटावेत. मग एका वैद्यकीय मासिकाच्या संकेतस्थळावर लेख दाखल करायला घेतला. हे संकेतस्थळ कोणा तुरुंगाधिकाऱ्याने बांधलेलं असावं. एक दार उघडावं तर मागचं आपोआप बंद व्हायचं, आणि मागे वळून पाहिलं तर भरलेलं सगळं पुसलं जायचं.

'लेखकांचे रुग्णाशी काही हितसंबंध आहेत का?' एका दाराने विचारलं. डॉक्टरांनी बराच विचार करून 'पहिला लेखक रुग्णाचा जावई आहे' असं लिहिलं. हितसंबंध की कसले, हे मासिकानेच ठरवावं.

पुढच्या दारावर ते अडले. 'रुग्णाने हा लेख वाचला आहे आणि तो छापण्यास तिची हरकत नाही.' खाली सही.

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर डॉक्टर लेख घेऊन टेबलाशी बसले आणि सोप्या मराठीत सांगू लागले. समोर सासूबाई, बाजूला बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत.

"एक स्थूल, ज्येष्ठ महिला..."

"कोण ही?"

"तुम्ही, आई."

"स्थूल?"

"वैद्यकीय शब्द आहे तो."

"मग वैद्यकीय भाषेत 'भरल्या अंगाची' लिहा. मी बायकांची मापं घेण्यात आयुष्य घालवलंय, पण एकीलाही तोंडावर असं बोलले नाही. पुढे?"

डॉक्टरांनी पुढे सांगितलं. सूज, दुखणं, वाया गेलेली औषधं. सासूबाई मान डोलवत होत्या. दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नाची हकिगत ऐकावी तशा. मग निष्कर्ष आला.

"रुग्णाला आता केस विंचरणं, बटणं लावणं, बरणीचं झाकण उघडणं ही सर्व कामं कोणाच्याही मदतीशिवाय करता येतात."

बायकोच्या हातातली घडी थांबली. "कोणाला करता येतात?"

सासूबाई पंख्याकडे बघू लागल्या.

"आई, आज सकाळी तुझी वेणी कोणी घातली?"

"तू घातलीस. छान घातलीस."

"आणि बटणं?"

"बटणंही तूच."

"आई!" आता डॉक्टर बोलले. "रुग्णालयातली प्रश्नावली तुम्हीच भरली होतीत. प्रत्येक कामापुढे 'अजिबात त्रास नाही' अशी खूण केलीत."

"तिथे परीक्षा असते, जावईबापू. परीक्षेत मी कधी नापास झाले नाही."

"आणि घरी?"

"घरी सुट्टी."

बाहेरच्या रुग्णाने दारातून आत पाऊल टाकलं की कुठला सांधा बोलतोय ते डॉक्टर ओळखत. घरात मात्र महिनोन्‌महिने एक ठणठणीत बाई रोज त्यांच्यासमोर वेणी घालून घेत होती आणि त्यांना पत्ता नव्हता. दिव्याखाली अंधार तो हा.

तेवढ्यात फोन वाजला. दर रविवारी याच वेळी सासूबाईंच्या मुलाचा फोन येई. सासूबाईंनी तो स्पीकरवर टाकला, कारण फोन हातात धरवत नाही असं ठरलेलं होतं.

"आई, हात कसे आहेत?"

"तसेच रे. एक बोट बरं म्हणावं तर दुसरं रुसतं."

"लवकर बरी हो बाई. सांभाळणारी तिसरी बाई सोडून गेली. जुळी सारखी 'आजी, आजी' करतात. तुझी खोली तयार आहे. बरी झालीस की त्याच दिवशी न्यायला येतो."

"हो रे बाळा."

फोन बंद झाल्यावर सासूबाईंनी लेख डॉक्टरांकडे सरकवला. एकाच बोटाने, पण चांगला जोर लावून.

"मी सही करणार नाही. तो तुमचं सगळं वाचतो. मागे तुमचं भाषण झालं त्याचं पत्रकसुद्धा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं होतं त्याने. हा लेख टाकेल आणि संध्याकाळी गाडी दारात."

"मग त्याला सांगा ना, येत नाही म्हणून."

"कोणाला? मुलाला?" काहीतरी अचकट-विचकट ऐकल्यासारख्या त्या दचकल्या. मग हळूच म्हणाल्या, "मागे राहिले होते मी तिथे. सकाळी दोघं कामाला निघाली की जाताना दार ओढून घ्यायची. चौदावा मजला. आत मी आणि ती दोन चक्रीवादळं. खिडकीतून खालची माणसं बटणाएवढी दिसायची. एकाने कधी मान वर केली नाही. संध्याकाळी परत आली की विचारायची, 'आई, आज मजा आली ना?' मी म्हणायची, 'हो, आली.' " त्यांनी आपले हात टेबलावर पसरले. "जन्मात त्याला नाही म्हटलं नाही, आणि आता या वयात जीभ वळत नाही. हात सुजले तेव्हा पहिल्यांदा सुटले. मला बोलावं लागलंच नाही. हातच बोलले."

स्वयंपाकघरात बायकोने डॉक्टरांना गाठलं.

"तुला आईला घालवायचंय."

"मला नोकरी टिकवायचीय."

"त्यासाठी आईला घालवायचंय."

"अगं, मी त्यांना बरं केलं!"

"कोणी सांगितलं होतं इतकं बरं करायला?"



सोमवारी डॉक्टर पूर्णविरामांकडे गेले. रुग्णाला 'अंशतः' गुण आला असं लिहिलं तर चालेल का?

"अंशतः बरी झालेली सासू घरोघरी आहे," पूर्णविराम म्हणाले. "त्यात छापण्यासारखं काय? पूर्ण बरी झाली म्हणून तर लेख आहे."

"पण त्या सही करत नाहीत."

पूर्णविरामांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "संधिवाताचा रुग्ण आहे. अक्षर वाकडंच येणार. तुम्ही डाव्या हाताने करा. कोण ओळखतंय?"

डॉक्टर घाबरले. सूचना वाईट होती म्हणून नव्हे. ती अतिशय चांगली होती म्हणून. त्या सहीची शंका जगातल्या कुठल्याही संपादकाला आली नसती. ते टेबलाशी आले, डाव्या हातात पेन घेतलं आणि एका कोऱ्या कागदावर सासूबाईंचं नाव लिहून पाहिलं. हुबेहूब आजारी बाईची सही. त्यांनी कागदाचे इतके तुकडे केले की शेजारचा सहकारी म्हणाला, "पावसाळ्याआधी होड्या करताय की काय?"

संकेतस्थळाची मुदत संपत आली. समितीची तारीख लागली. घरात बायको कामापुरतंच बोलत होती. सासूबाई आपली वेणी आता स्वतः घालत होत्या, पण मुद्दाम वेडीवाकडी. डॉक्टरांना घरातून रुग्णालयात जावंसं वाटेना आणि रुग्णालयातून घरी यावंसं वाटेना. रस्त्यात मात्र बरं वाटे, म्हणून ते लांबच्या रस्त्याने जाऊ लागले.

मुदतीच्या दिवशी सकाळी सासूबाई त्यांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"द्या तो कागद."

"कशाला?"

"लेक म्हणाली, तुम्ही आठ वर्षं टेबलं बदलताय. मला वाटलं होतं, मोठ्या डॉक्टरांना तसंच असतं. खोलीखोलीत टेबल." त्यांनी पेन उचललं आणि एका दमात सही केली. रेषेवर, ठसठशीत, खाली एक रेघ ओढून. शिवणवर्गाच्या प्रमाणपत्रांवर करत असत तशी. "काय व्हायचंय ते होऊ दे. लहान मुलंच ती, खाणार थोडीच आहेत मला. माझी बॅग तेवढी माळ्यावरून काढून द्या."

डॉक्टरांनी बॅग काढून दिली. मग कागद जोडला आणि संकेतस्थळाने पुढचं दार उघडलं. शेवटचंच. 'या लेखाच्या मर्यादा.'

याबद्दल पूर्णविरामांचा नियम होता. "मर्यादा लिहायची, पण खरी लिहायची नाही. 'अधिक संशोधनाची गरज आहे' एवढंच म्हणायचं. ती कोणाला नसते? खरी मर्यादा लिहिली की लेख तपासणारे तज्ज्ञ तिथेच चावा घेतात."

पलीकडच्या खोलीत सासूबाई साड्यांच्या घड्या घालत होत्या. भरभर, सरळ, एकेका घडीवर तळहात फिरवत. डॉक्टर थोडा वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी लिहिलं: 'रुग्णाला गुण येऊन फार काळ लोटलेला नाही. औषधाचा परिणाम टिकतो की नाही ते कळण्यासाठी याच केंद्रात, याच डॉक्टरांकडून तिची दीर्घकाळ नियमित तपासणी होणं आवश्यक आहे.'

यातला शब्दन्‌शब्द खरा होता. डॉक्टरांनी ते पुन्हा एकदा वाचलं, पूर्णविरामांच्या नियमाची मनोमन क्षमा मागितली आणि लेख पाठवून दिला.

बॅग भरलेलीच राहिली. सासूबाई लेख छापून यायची वाट बघत होत्या आणि बायको बॅगेला वळसा घालून केर काढत होती.

उत्तर आलं ते दोन तज्ज्ञांचं. पहिल्याने लेखाचं तोंडभरून कौतुक केलं होतं आणि तो नाकारावा असं सुचवलं होतं. दुसऱ्याने मर्यादेचं वाक्य जसंच्या तसं उतरवून खाली लिहिलं होतं: 'लेखकांशी पूर्ण सहमत. त्याच केंद्रात, त्याच तपासनिसाकडून आणखी दोन वर्षांची निरीक्षणं जोडावीत.' संपादकांनी दुसऱ्याचं ऐकलं होतं. दोन वर्षांनी लेख आनंदाने पाहू, म्हणाले.

"खरं लिहिलंत?" पूर्णविरामांनी विचारलं. समिती बसली आणि उठली. डॉक्टर हंगामीच राहिले. रजेवरचा एक माणूस परत आल्यामुळे त्यांचं टेबल आता जिन्याखाली होतं. बसताना डोकं वाकवावं लागे.

रविवारी फोन आला. या वेळी सासूबाईंनी तो उचलून सरळ कानाला लावला. मग लक्षात आलं तेव्हा स्पीकरवर टाकला.

"मी बरी झाले रे," त्या म्हणाल्या. "अगदी पूर्ण. यायलाच निघाले होते, बॅगसुद्धा भरली. पण मासिक नाही म्हणतंय."

"कुठलं मासिक?"

"मोठं आहे. परदेशात वाचतात. याच डॉक्टरांनी तपासायचं म्हणे, दोन वर्षं. मासिकापुढे माझं काय चालणार बाळा?" एवढा प्रशस्त नकार द्यायला त्यांना जन्मात कधी मिळाला नव्हता. त्यांनी तो चवीने पुरवून पुरवून वापरला.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "इथे काय डॉक्टर नाहीत?"

"आहेत. पण सांधा दाबणारा अंगठा तोच लागतो," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येकाचा दाब वेगळा. अंगठा बदलला की आकडे बदलतात."

हेही खरंच होतं. डॉक्टरांना आता खरं बोलायची सवय लागत चालली होती आणि त्याचीच त्यांना काळजी वाटत होती.

"बरं, मग दोन वर्षांनी?" पलीकडून प्रश्न आला.

सासूबाईंनी फोनवर तळहात घट्ट दाबून धरला. "जावईबापू, ती तुमची मर्यादा दोन वर्षांनी संपते का हो?"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून हसत होती. बऱ्याच दिवसांनी.

"शोधली तर आणखी एखादी सापडेल," ते म्हणाले.

"शोधा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तळहात काढला. "बघू रे तेव्हा. हे दोन तज्ज्ञ काय म्हणतात त्यावर आहे सगळं. घे, भावोजींशी बोल." आणि फोन डॉक्टरांच्या हातात दिला, कारण पलीकडे जुळ्यांनी एकदमच भोकाड पसरलं होतं.